‘ओला दुष्काळ’ हा वदतोव्याघात नाही

खरीप हाताशी यायच्या वेळी पाऊस थांबेनासा झाला की ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी उठते. नागपूरच्या कळमना इथल्या शेतमालाच्या बाजारात तिची चर्चा होते आणि डिसेंबरात अधिवेशन नागपूरला आले की विधानभवनाच्या पायऱ्यांवर तिचे फलक झळकतात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला, विदर्भातही सोयाबीन-कपाशीची नासाडी झाली, तेव्हा ही मागणी नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात झाली. सरकारचे उत्तर असे होते की दुष्काळाच्या नियमावलीत ‘ओला दुष्काळ’ अशी संज्ञाच नाही, मात्र दुष्काळात ज्या सवलती मिळतात त्या देऊ. त्यावर जो वाद रंगला तो फार कच्चा होता. एक बाजू म्हणाली, दुष्काळ म्हणजे पाणी नसणे, मग तो ओला कसा? हा तर उघड वदतोव्याघात, स्वतःलाच खोडणारे बोलणे. दुसरी म्हणाली, ‘दुस्’ हा उपसर्ग आणि पुढे ‘काळ’, म्हणजे वाईट काळ; वाईट काळ ओलाही असतो, संपला वाद. दोघेही शब्दांच्या अर्थाबद्दल हिरिरीने बोलत होते आणि शब्दांना अर्थ येतो कसा, याचा विचार दोघांनीही केला नव्हता.

माझे म्हणणे सरळ आहे. ‘ओला दुष्काळ’ ही मराठीतली नीट घडलेली, नेमक्या अर्थाची संज्ञा आहे. तिच्यात व्याकरणाचा दोष नाही आणि तर्काचाही नाही. शासनाला ती नियमावलीत नको असेल तर त्याची आर्थिक किंवा प्रशासकीय कारणे द्यावीत, त्यांवर चर्चा होऊ शकते. पण ‘असा शब्दच नसतो’ हे कारण होऊ शकत नाही. ज्या भाषेत शेतकरी आपले नुकसान मांडतो त्या भाषेलाच चुकीची ठरवून त्याचे म्हणणे बाजूला सारले जात असेल, तर भाषा शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी गप्प बसू नये.

घोळाची सुरुवात शाळेतल्या व्याख्येपासून होते. नामाबद्दल अधिक माहिती सांगतो तो शब्द विशेषण, असे आपण पाठ केलेले असते. ‘लाल मोटार’ म्हटले की ती मोटार आहे आणि ती लाल आहे, दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या खऱ्या. या एका नमुन्यावरून आपण समजतो की सगळी विशेषणे अशीच नामावर चिकटतात. पण ‘हुशार वकील’ घ्या. तो वकिलीत हुशार आहे. म्हणून तो हुशार स्वयंपाकी आहे असे कोणी म्हणणार नाही. ‘माजी आमदार’ घ्या. तो आमदार आहे आणि शिवाय माजी आहे, असे म्हणता येते का? ‘माजी’ लागताक्षणी तो आमदार उरत नाही. ‘बनावट नोट’ ही नोट आणि वर बनावट, अशी बेरीज करून दुकानात चालवता येत नाही. हान्स काम्प या भाषातत्त्वज्ञाने १९७५ मध्ये नेमका हाच प्रश्न घेऊन विशेषणांवर निबंध लिहिला आणि तेव्हापासून अर्थविचाराच्या अभ्यासकांनी हे मान्य केले आहे की विशेषण नामाच्या अर्थावर काम करते. कधी त्याला छेद देते, कधी आतून अरुंद करते, कधी उलटवते. वदतोव्याघाताचा आरोप करणारे ‘लाल मोटार’च्या साच्यात ‘ओला दुष्काळ’ कोंबून पाहतात आणि तो बसला नाही की शब्दाला दोष देतात.

आता ‘ओला’ या शब्दाकडेच पाहू. अंगणातला शर्ट ओला असतो, कमी-जास्त ओला असतो, ओलसर असतो, ओलाचिंब असतो. हे झाले पायऱ्यांचे विशेषण. पण महापालिकेची कचरागाडी दारात येते तेव्हा आपण ‘ओला कचरा’ वेगळा देतो. त्यात कांद्याची करकरीत वाळलेली टरफले असतात, कडक झालेली पोळी असते. उलट पावसात भिजून निथळणारी प्लास्टिकची बाटली ‘सुक्या कचऱ्यात’ जाते. इथे ‘ओला’ कचऱ्याची जात सांगतो: कुजणारा, खत होणारा. त्याला पायऱ्या नाहीत. ‘आज फार ओला कचरा झाला’ यात ‘फार’ हा कचऱ्याच्या प्रमाणाला लागतो, ओलेपणाला लागत नाही. जात सांगणारी विशेषणे अशीच वागतात. ‘ओला दुष्काळ’ही तसाच. ‘जरासा ओला दुष्काळ’, ‘ओलसर दुष्काळ’ असे विदर्भात मी कधी ऐकलेले नाही, कारण बोलणाऱ्याच्या मनात ‘ओला’ हा दुष्काळाचा प्रकार आहे: पाण्याच्या अतिरेकाने आलेला. ओल्या-सुक्या कचऱ्याची विभागणी प्रशासनाने बिनबोभाट स्वीकारली, घरोघरी शिकवली. वाळलेल्या टरफलांना ओले म्हणणे हा वदतोव्याघात आहे, अशी तक्रार घेऊन कोणी महापालिकेत गेले का?

मुख्य आक्षेप मात्र नामावर आहे. दुष्काळ म्हणजे कोरडेपणाच, तो त्या शब्दाच्या पोटातच आहे, असे गृहीत धरले जाते. याला उत्तर देताना आपल्याकडच्याच एका सणाची आठवण होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून आणतात, बैलांच्या शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरांची माळ. भोसल्यांच्या काळापासून ही प्रथा इथे मानाने चालत आली आहे. आता लाकडी बैल हा बैल आहे का? तो ओढत नाही, चरत नाही. तरी त्या संध्याकाळी ‘कोणाचा बैल मोठा?’ असे विचारले तर प्रत्येक पोरगे लाकडी बैलाकडेच बोट दाखवते. बार्बरा पार्टी या अर्थविचाराच्या अभ्यासक बाईंनी दगडी सिंह, खोटी बंदूक अशा उदाहरणांवरून असे मांडले की अशा वेळी नामाचा परीघ रुंदावतो. ‘ही बंदूक खरी की खोटी?’ हा प्रश्न विचारता येतो, कारण प्रश्नातली ‘बंदूक’ दोन्हींना सामावून घेते. विशेषणाचा नामाशी मेळ बसत नाही असे वाटले की ऐकणारा वाक्य फेकून देत नाही, तो नामाचा अर्थ ताणून मेळ बसवतो. भाषेचा रोजचा कारभार याच ताणण्यावर चालतो आणि त्यात गैर काही नाही.

हे ताणणे मराठीत खरोखर झाले आहे, याचा पुरावा ‘कोरडा दुष्काळ’ या शब्दप्रयोगात आहे. दुष्काळाच्या अर्थात कोरडेपणा अटळपणे बसलेला असता तर ‘कोरडा दुष्काळ’ म्हणण्याचे कारण काय होते? ब्रॉयलर येईपर्यंत कोंबडीला ‘गावरान’ म्हणावे लागत नव्हते. रासायनिक खते येईपर्यंत शेतीला ‘सेंद्रिय’ म्हणावे लागत नव्हते. दुसरा प्रकार लोकांच्या अनुभवात आला की पहिल्यालाही विशेषण लावावे लागते. आज वर्तमानपत्रे, पुढारी, गावातली म्हातारी माणसे, सगळेच ‘एकीकडे ओला, दुसरीकडे कोरडा दुष्काळ’ असे सहज बोलतात. म्हणजे मराठी बोलणाऱ्यांनी ‘दुष्काळ’ हे दोन्हींच्या वरचे नाव केव्हाच करून टाकले आहे. शब्दाचा अर्थ ठरवण्याचा याहून मोठा अधिकार कोणापाशी असतो?

आणि खरे तर फारसे ताणावेही लागले नाही. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत: पाऊस न पडणे म्हणजे ड्रॉट, माणसे अन्नाला महाग होणे म्हणजे फॅमिन. मराठीतला ‘दुष्काळ’ दोन्हींसाठी वापरला जातो आणि आधीपासून वापरला गेला आहे. केंद्राची २०१६ ची नियमावली ही ड्रॉटची नियमावली आहे. हिंदीत त्याला ‘सूखा’ म्हणतात आणि ‘सूखा’ हा शब्द उभाच कोरडेपणावर आहे. ‘गीला सूखा’ हे कानाला खरोखर विचित्र लागते. नागपूरकर दोन्ही भाषांत वावरतो, त्यामुळे त्याच्या कानाला हा फरक लगेच कळायला हवा. ड्रॉटच्या नियमावलीत ओला ड्रॉट नाही हे म्हणणे बरोबर आहे. त्यावरून मराठीत ओला दुष्काळ नाही असा निष्कर्ष काढणे चूक आहे. एका भाषेतल्या अरुंद शब्दाची चौकट दुसऱ्या भाषेतल्या रुंद शब्दावर ठोकली गेली आणि बाहेर उरला तो भाग ‘निरर्थक’ ठरला.

इतिहासही हेच सांगतो. युरोपात १३१५ साली पाऊस सुरू झाला तो हंगामामागून हंगाम चालला, धान्य उभ्या शेतात कुजले, मीठ वाळेना, १३१७ पर्यंत माणसे भुकेने मरत राहिली. इतिहासकार त्याला महादुष्काळ म्हणतात आणि तो पावसाने आणला होता. एवढ्या लांब जायचीही गरज नाही. नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होते त्याच्या उत्तरेकडच्या गव्हाच्या पट्ट्यात, सागर-दमोहकडे, १८९३ नंतरची पिके हिवाळ्यातल्या अति पावसाने आणि तांबेरा या गव्हावरच्या रोगाने बसली. त्यानंतर १८९६ मध्ये पावसाने दगा दिला. तो दुष्काळ इतका जीवघेणा ठरला याचे एक मोठे कारण म्हणजे लोक आधीच्या ओल्या वर्षांनी पोखरले गेले होते. उपाशी घरात आधी कोणते वर्ष ओले आणि कोणते कोरडे, याने काय फरक पडत होता?

इथे दुसऱ्या बाजूलाही सांगितले पाहिजे. ‘दुष्काळ म्हणजे वाईट काळ’ हा व्युत्पत्तीचा दाखला देऊन वाद जिंकता येत नाही. शब्दाचा उगम त्याचा आजचा अर्थ बांधून ठेवत नाही. तसे असते तर तिळापासून नाव मिळालेले ‘तेल’ आपण शेंगदाण्याचे काढूच शकलो नसतो. परंपरेचे दाखलेही दोन्हीकडे सापडतात. ईतींच्या, म्हणजे शेतीवरच्या आपत्तींच्या, जुन्या श्लोकात अतिवृष्टी आणि अनावृष्टी शेजारीशेजारी, एकाच यादीत बसतात. उलट कौटिल्याच्या आपत्तींच्या यादीत पाणी वेगळे आणि दुर्भिक्ष वेगळे आहे. आपल्या सोयीचा श्लोक उचलायचा आणि पुढे जायचे, ही वादाची पद्धत मला मान्य नाही. वापर काय आहे आणि त्या वापराला नियम आहे का, एवढेच पाहायचे.

आता विरोधातले खरे वजनदार मुद्दे. पहिला असा की प्रशासनाला आकडा लागतो. लोकांच्या बोलण्यातली विशेषणे सैल असतात, तिजोरी सैल शब्दांवर उघडता येत नाही. हे शंभर टक्के मान्य. पण आकडा लागतो म्हणून विशेषण टाकून द्यावे, हे त्यातून निघत नाही. विशेषणाला आकडा द्यावा, हे निघते. एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात दाखवले होते की मोठा-लहान, कमी-जास्त हे शब्द मुळात तुलनेचे असतात, तुलना उघड केली नाही तरी. हवामान खाते हे जाणते. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर जावे आणि ते नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावे, तेव्हा उष्णतेची लाट. किनारपट्टीसाठी ती सीमा ३७ अंशांची. म्हणून मे महिन्यात नागपुरात पारा ४२ वर गेला तरी लाट जाहीर होत नाही, इथे ते नेहमीचेच. पारा ४५ वर गेला की मात्र नेहमीचा हिशेब न पाहता लाट. कुठल्या जागेच्या मानाने, कुठल्या महिन्याच्या मानाने, हे सगळे त्या व्याख्येत आले. सैल वाटणारे विशेषण असे बांधता येते.

बांधताना काय होते तेही जवळून पाहण्यासारखे आहे. खरेदी केंद्रावर सोयाबीनचा ओलावा मोजतात. पोत्यातून मूठभर दाणे काढून यंत्राच्या वाटीत ओततात, झाकण दाबतात, काचेवर आकडा उमटतो. शेतकऱ्याने तोच दाणा आधी दाताखाली धरून पाहिलेला असतो. कट्कन फुटला म्हणजे त्याच्या लेखी माल वाळला. यंत्रात १४ आले की माल ओला, परत न्या, कारण हमीभावाच्या खरेदीची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने त्या हंगामापुरती ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली आणि काल ओला ठरलेला तोच माल आज घेण्याजोगा झाला. दाण्यातले पाणी तेवढेच होते. याचा अर्थ ‘ओला’ हा शब्द पोकळ आहे असा नाही. सीमा कुठे घालायची हा निर्णय माणसे कारणे पाहून घेतात, आणि सीमा घालता येते कारण शब्दाचा अर्थ आधीपासून सगळ्यांना कळत असतो. कशाची सीमा हेच माहीत नसेल तर १२ काय आणि १५ काय?

शासनाने हे याआधी केलेलेही आहे. महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या एका गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी, हा निकष जुना. पण रोज तीस-चाळीस मिलिमीटर असा आठवडाभर पडत राहिला तर? कपाशीची बोंडे सडतात, सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटतात, काटोल-नरखेडकडे संत्र्याची फळगळ होते, आणि पर्जन्यमापकावर एकही दिवस अतिवृष्टीचा नसतो. शेतकरी याला ‘सततचा पाऊस’ म्हणत होते. वर्षानुवर्षे त्यांना सांगितले गेले की अशी काही आपत्ती यादीत नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सततचा पाऊस ही नैसर्गिक आपत्ती मानली आणि तिला निकष दिले: मंडळात सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर, शिवाय त्या काळातल्या सरासरीशी तुलना आणि पिकांच्या हिरवेपणाचा निर्देशांक. लोकांच्या तोंडातले एक साधे विशेषण, ‘सततचा’, शासनाने उचलले आणि मोजपट्टीवर बसवले. ‘सततचा’ला जे शक्य झाले ते ‘ओला’ला का अशक्य असावे?

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे. कोरड्या दुष्काळात टँकर लागतात, चारा छावण्या लागतात, रोजगार हमीची कामे काढावी लागतात. अति पावसात जमीन खरडून जाते, विहिरी गाळाने बुजतात, वावरात वाफसाच, म्हणजे मशागत-पेरणीजोगी ओल, येत नाही आणि रब्बीची पेरणी हुकते. उपाय वेगळे, वेळापत्रक वेगळे. मग दोन्ही एका नावाखाली आणले तर मदत चुकीच्या जागी जाईल, असे जाणकार अधिकारी म्हणतात. त्यांची काळजी प्रामाणिक आहे. पण पाणिनीच्या ‘विशेषणं विशेष्येण बहुलम्’ या समासाच्या सूत्रावर लिहिताना ‘काशिका’ या जुन्या टीकेच्या कर्त्यांनी विशेषणाला दिलेले नावच ‘भेदक’ आहे: वेगळे काढणारे. ‘नीलोत्पल’ म्हटल्याने सगळी कमळे निळी होत नाहीत, निळे तेवढे बाजूला निघते. ‘ओला’ हा शब्द हेच काम करायला तिथे उभा आहे. दोन्ही संकटांत जे समान आहे ते ‘दुष्काळ’ सांगतो: हंगाम गेला, हातात पैसा नाही, कर्ज फिटणार नाही, पोरांची फी भरणार नाही. म्हणूनच वसुलीला स्थगिती, कर्जाचे पुनर्गठन, परीक्षा शुल्कात माफी या सवलती दोन्हीकडे सारख्या लागतात. जे वेगळे आहे ते विशेषण सांगते. सरकारने २०२५ मध्ये दुष्काळाच्या सवलती देऊ असे म्हटले तेव्हा हा समान भाग मान्यच केला होता.

तिसरा मुद्दा शब्दांच्या सुजण्याचा. जोराची सर आली की ‘ढगफुटी’, म्हणजे प्रत्यक्षात तासाला १०० मिलिमीटर, असे सर्रास छापून येते. प्रत्येक वाईट वर्षाला दुष्काळ म्हणत गेलो तर खऱ्या दुष्काळासाठी शब्द उरणार नाही. हे भय मलाही आहे. पण शब्द बंद केल्याने सूज उतरते का? महाराष्ट्राने तो प्रयोग करून पाहिला आहे. १९६३ मध्ये राज्याने एक कायदा केला आणि राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून त्या जागी टंचाईचा शब्द घातला. सरकारचे शेतीवर सतत लक्ष आहे, तेव्हा फॅमिनला आता वावच नाही, अशी त्यामागची भूमिका होती. दहा वर्षांच्या आत बहात्तर साल उजाडले. खडी फोडायला गेलेल्या लाखो माणसांनी त्या वर्षाला काय म्हटले? आजही गावोगाव ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात, बहात्तरची टंचाई कोणी म्हणत नाही. शब्द कायद्यातून गेला आणि लोकांच्या तोंडात राहिला. शासनाला मात्र मधली विशेषणे शोधत बसावे लागले. २०१८ मध्ये आधी १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली आणि आठवडाभरात १५१ तालुक्यांत दुष्काळ. २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ, आणि पुढे शेकडो महसूल मंडळांत पुन्हा ‘दुष्काळसदृश’. ‘सदृश’ हे विशेषण ‘माजी’ आणि ‘बनावट’च्या जातीचे आहे, ते नामाला हात लावते आणि नाम देत नाही. असे शब्द शासनाला चालतात. मग दुष्काळाचा प्रकार स्पष्ट सांगणारे साधे ‘ओला’ का चालू नये?

शेवटचा प्रश्न व्यवहारी माणसाचा: पैसे तर मिळाले ना? २०२५ च्या ऑक्टोबरात ३१ हजार कोटींहून मोठे पॅकेज जाहीर झाले, नावात काय अडले? अडते ते असे. दुष्काळाला नियमावली आहे, तिच्यात टप्पे आहेत: पाऊस, पावसातला खंड, पिकाचा हिरवेपणा, जमिनीतला ओलावा, मग प्रत्यक्ष शेतावरची पाहणी, ‘मध्यम’ की ‘गंभीर’ हा निर्णय, आणि खरिपासाठी ऑक्टोबरअखेरची मुदत. शेतकरी ते टप्पे दाखवून विचारू शकतो की माझ्या तालुक्याचे काय झाले. पॅकेजला टप्पे नसतात. ते त्या वर्षीच्या दबावावर, निवडणुकीच्या हिशेबावर, तिजोरीच्या अवस्थेवर ठरते आणि पुढच्या वर्षी पुन्हा पायऱ्यांवर फलक घेऊन उभे राहावे लागते.

‘ओला दुष्काळ’ बांधायला लागणारी मोजमापे आज हाताशी आहेत. महसूल मंडळनिहाय पावसाचे दिवस मोजले जातात. उपग्रहावरून जमिनीतला ओलावा आणि पिकाचा हिरवेपणा दिसतो. गावाची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या मानाने पीक किती आले याचा अंदाज, निघते आणि ती पन्नास पैशांच्या खाली गेली की काय करायचे हे ठरलेले आहे. जमीन सलग किती दिवस वाफशावर आली नाही, काढणीच्या पंधरवड्यात किती दिवस पाऊस पडला, पैसेवारी किती घसरली: या तीन कसोट्यांवर तालुकानिहाय सीमा घालता येईल. त्या सीमा किती कडक असाव्यात यावर कृषी विद्यापीठांनी, महसूल खात्याने आणि शेतकरी संघटनांनी जरूर भांडावे. तेच भांडण नागपूरच्या पुढच्या अधिवेशनात, खरिपाचे पंचनामे टेबलावर ठेवून व्हायला हवे.